‘पाकिटातली वाइन’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅनडात मिसिसागाला लेकीकडे किटपासून, म्हणजे घरी वाइन करायच्या तयार खोक्यापासून, केलेल्या वाइनवर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. किटची वाइन म्हणजे पाकिटातलं सूप, त्याचं कसलं कौतुक? नाशिक हाकेच्या अंतरावर असताना कॅनडाच्या खोक्याचं काय घेऊन बसलात? आणि ‘द्राक्षाचाच रस, म्हणजे शुद्ध शाकाहारी’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत? शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

खोक्यात आटवलेल्या रसाच्या पिशवीबरोबर पुड्या येतात. बेंटोनाइट ही एक माती, ती पहिल्याच दिवशी घालायची. मग यीस्ट. आंबणं संपलं की वाइन टिकावी आणि पुन्हा आंबू नये म्हणून सल्फाइट आणि सॉर्बेट. आणि वाइन निवळावी म्हणून किसेलसोल आणि चिटोसान. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तसलंच काम. एकावर ऋण भार, दुसऱ्यावर धन. तरंगणारे कण त्यांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. मी पुडी कापली, ओतली, ढवळलं. ती कशाची हे वाचलंच नाही. चिटोसान बहुतेक करून कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. काही किटमध्ये आयझिंग्लास असतं, ते तर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं. त्यातलं बरंचसं गाळाबरोबर निघून जातं, पण म्हणून वाइन ‘शुद्ध शाकाहारी’ होत नाही. शब्द मागे घेते. आमच्या शाकाहारी वन्संनी अर्धा पेला घेतला होता, त्यांना अजून सांगायचंय.

आता नाशिक. तिथली वाइन मीही आवडीने घेते. पण ‘पार्ल्याच्या बाजारातून चार पेट्या आणा आणि घरीच करा’ हा तुमचा सल्ला मला जमणारा नाही. पहिलं म्हणजे कायदा. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही. नाताळात घराघरांत होते, हे मलाही माहीत आहे; तरी लिहून दुसऱ्यांना करायला सांगणं वेगळं. कॅनडात स्वतःपुरती केलेली चालते, विकायची मात्र नाही. दुसरं, बाजारातली थॉमसन ही खायची द्राक्षं. पातळ सालीची, बिनबियांची, गोड. रेड वाइनचा रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल-बियांतून. इथे दोन्हींची बोंब. तिसरं, आपली हवा. यीस्टला साधारण २० ते २५ अंश मानवतात. आंबताना रस स्वतःच तापतो, त्यात एप्रिलमधलं पार्ल्याचं स्वयंपाकघर! लेकीच्या तळघरात उलटी तऱ्हा, पिंपाला गरम पट्टा गुंडाळून ठेवावा लागला.

सुपाचं म्हणाल तर निम्मं मान्य. द्राक्षं निवडणं, रस काढणं, आंबटगोडाचा तोल साधणं हे सगळं कारखान्यात आधीच झालेलं असतं. विकतचं इडलीचं पीठ आणावं तसं. म्हणून ‘मी केलेली वाइन’ म्हणताना जीभ जरा अडखळते. पण पीठ आणलं म्हणून इडली फुगतेच असं नाही. २३ लिटर रस, म्हणजे तीस बाटल्या, सहा आठवडे सांभाळायचा होता. हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायची तरंगती नळी, पहिल्या दिवशी १.०९० वर, शेवटी ०.९९४ वर. हा फरक १३१ ने गुणला की साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. काटा सलग दोन दिवस हलला नाही तरच पुढचं पाऊल. निम्मा वेळ तर भांडी, नळ्या आणि बाटल्या निर्जंतुक करण्यात गेला. जावई माझ्यामागे धुतलेलं पुन्हा धुवत होते, याचा तेव्हा राग आला होता.

‘घरचीच माणसं, छानच म्हणणार’ हा टोमणाही वाचला. येताना दोन बाटल्या आणल्या (माणशी दोन लिटरची सवलत असते). त्यातली एक आणि नाशिकची एक, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळल्या. प्रत्येकापुढे तीन पेले, दोन एकीचे, एक दुसरीचा; वेगळा ओळखा. नुसत्या अंदाजाने सहाजणांत दोघांचं बरोबर येतं. आमच्याकडे चौघांचं आलं. ओळखण्याची खूण काय, तर जिभेवर सोड्यासारखी चुणचुण! आंबताना विरघळलेला वायू घुसळून काढायचा असतो, तिथे मी कंटाळा केला होता. शिवाय बाटलीत भरून महिनाही झाला नव्हता, आणि रेडला निदान सहा महिने द्यावेत. ‘रूम टेंपरेचर’ला देतात म्हणून पहिला घोट ३२ अंशांत दिला, तर नुसती दारूच नाकात गेली. युरोपातली ती खोली १६-१८ अंशांची! पुढचा पेला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून दिला, तेव्हा कुठे द्राक्षाचा वास आला.

दुसरी बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी पडून आहे. तुम्ही शाकाहारी, त्यामुळे तिचा आग्रह करत नाही. जावयांना कळवलंय की पुढच्या खेपेला चिटोसानची पुडी बाजूला ठेवून नुसत्या बेंटोनाइटच्या मातीवर निवळू द्या, चार महिने लागले तरी चालतील. तसली एखादी बाटली इथवर आली, तर तीन पेले तुमच्यापुढे मांडते.