‘च्वान’ पिढीला वंदन कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कुनछ्यू या जुन्या चिनी संगीत-नाट्यप्रकाराच्या कलावंतांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण त्यातला एक मुद्दा मला मान्य करावा लागणार होता आणि त्यासाठी मूळ लेख पुन्हा उघडून बसावं लागलं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं: कुनछ्यू हे चिनी सरकारने जगापुढे मिरवायला ठेवलेलं बाहुलं आहे. 1956 साली ज्या नाटकाने ती कला वाचवली असं मी लिहिलं, ते नाटकच मुळी कम्युनिस्ट पक्षाने उचलून धरलेलं होतं. चिनी भाषेचा गंध नसताना मी कौतुकाची फुलं उधळली. आणि विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळूनही शेवटच्या आजारपणाचं बिल लोकांच्या मदतीतून भरावं लागलं, त्यांच्यावर मात्र या ब्लॉगवर एक ओळ नाही.

भाषेपासून सुरुवात करते. मला चिनी येत नाही, हे खरं आहे. इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने मी ही नाटकं पाहिली. पण मी पंचवीस वर्षं संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करते आहे, आणि साथ करणाऱ्याचे कान आधी शब्दाच्या अर्थाकडे जात नाहीत, शब्द कसा टाकला जातो तिकडे जातात. कुनछ्यूच्या गायनात एका अक्षराचे तीन भाग मानतात: डोकं, पोट आणि शेपूट. अक्षर उघडताना एक काळजी, ते लांबवताना दुसरी, मिटताना तिसरी. आडवी बासरी गायकाला इतकी चिकटून चालते की श्वास कुणाचा संपला ते कळत नाही. या गायकीचा बाज सोळाव्या शतकात सुचौ शहराजवळच्या कुनशान भागात घडला, वेई ल्यांगफू या गवयाच्या हाताखाली. त्या बाजाच्या नावातच पाण्याची गिरणी आहे. पाणी घालून दळलेल्या पिठासारखा मऊ सूर. हे गाणं नुसतं एका जागी उभं राहून गायचं नसतं. प्रत्येक ओळीबरोबर बाही, मान, पाऊल, नजर चालू असते. नाच वेगळा, गाणं वेगळं, अभिनय वेगळा असा हिशेब तिथे करताच येत नाही. भाषा न येता यातलं बरंच निसटतं हे कबूल. जे निसटत नाही त्याबद्दल मी लिहिलं.

आता ‘सरकारी बाहुलं’. काका, इथे मला सालवारी मांडू द्या, कारण माझं वंदन नेमकं कुणाला आहे ते त्या सालांतच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुनछ्यू मरणाला टेकली होती. पेकिंग ऑपेराने प्रेक्षक नेला होता, जुनी मंडळं एकामागून एक मोडत होती. 1921 साली सुचौत काही हौशी जाणकारांनी मिळून एक शाळा काढली. लवकरच तिचा खर्च मू ओउछू या शांघायच्या कापडगिरणीवाल्याने उचलला. हा माणूस अमेरिकेत शिकलेला, कारखान्याच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरचं टेलरचं पुस्तक चिनीत आणणारा. पन्नासेक मुलगे घेतले गेले. शिकवायला मोडकळीला आलेल्या ‘छ्वानफू’ मंडळातले म्हातारे नट, त्यांचे प्रमुख शन य्वेछ्वान. तीन वर्षं शिक्षण, मग दोन वर्षं रंगमंचावर उमेदवारी.

या मुलांना नवी नावं दिली गेली, आणि मला तर तो सगळा प्रकार एखाद्या बंदिशीसारखा वाटतो. प्रत्येकाच्या नावात मधलं अक्षर ‘च्वान’, म्हणजे पुढे देणं, वारसा सोपवणं. त्यानंतरच्या अक्षरात भूमिकेची खूण. तरुण नायक करणाऱ्याच्या अक्षरात ‘जेड’ रत्नाचं चिन्ह, स्त्री-भूमिका करणाऱ्याच्या अक्षरात गवताचं, प्रौढ आणि रंगवलेल्या चेहऱ्याच्या भूमिकांना धातूचं, विदूषकाला पाण्याचं. चौ च्वानयिंग हे नाव लिहिलेलं दिसलं की हा नायक करतो हे कळायचं. वांग च्वानसुंग दिसलं की विदूषक.

पुढे 1927 मध्ये मू ओउछूचा धंदा अडचणीत आला आणि या मुलांचं मंडळ दुसऱ्यांच्या हाती गेलं. 1931 मध्ये ते नव्या नावाने पुन्हा उभं राहिलं. त्याच वर्षी त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला नायक गू च्वानज्ये रंगभूमी सोडून कॉलेजात शिकायला निघून गेला. 1937 मध्ये जपानी हल्ल्यात शांघायमध्ये मंडळाच्या कपड्यांच्या पेट्या जळाल्या. नाटक मंडळीच्या पेट्या जळणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही मंडळीत उठबस केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. 1942 मध्ये मंडळ बंद पडलं.

आता 1942 ते 1956 ही चौदा वर्षं पाहा. यातली बरीच वर्षं या लोकांना कुठल्याच सरकारने विचारलं नव्हतं. चौ च्वानयिंग आणि वांग च्वानसुंग एका फिरत्या ‘सूच्यू’ मंडळात शिरले. ‘सूच्यू’ हा सुचौकडचा लोकनाट्याचा प्रकार. च्यांगनानच्या, म्हणजे यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या, गावोगावी जाऊन, मिळेल त्या जागी खेळ करायचे. कुनछ्यू कुणाला नको होती, म्हणून लोकांना हवं ते करत करत मधूनच एखादा कुनछ्यूचा प्रवेश घालायचे, हातपाय विसरू नयेत म्हणून. माझ्या लेखातलं वंदन या चौदा वर्षांना होतं. हे तिथे पुरेसं ठळक आलं नसेल तर दोष माझा.

मग 1956 चं नाटक, ‘पंधरा माळा’. चौकोनी भोकाच्या नाण्यांच्या माळा. एका खाटकाचा खून होतो, पंधरा माळा चोरीला जातात, आणि वाटेत योगायोगाने तेवढ्याच माळा घेऊन चाललेल्या एका तरुणावर आणि खाटकाच्या सावत्र मुलीवर आळ येतो. न्यायाधीश चौकशी न करताच शिक्षा ठोकतो. सुचौचा प्रांताधिकारी ख्वांग चुंग शिरच्छेदाच्या आदल्या रात्री थांबतो आणि स्वतः शोधाला निघतो. चौ च्वानयिंग झाले ख्वांग चुंग. वांग च्वानसुंग झाले खुनी जुगारी लौ आशू, ज्याच्या नावातच उंदीर आहे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, हे नाटक सरकारला सोयीचं होतं. नोकरशाहीच्या आंधळेपणावर तेव्हा मोहीम चालू होती आणि हा न्यायाधीश त्या मोहिमेत नेमका बसला. पंतप्रधान चौ एन लाय यांनी कौतुक केलं, माओने नाटक पाहिलं, 18 मे 1956 ला पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या वृत्तपत्राने एका नाटकाने एक कला जिवंत केली म्हणून अग्रलेख लिहिला. संहितेवरही कात्री चालली होती. चू सूचन या नाटककाराचं मूळ नाटक सतराव्या शतकातलं. त्यात दोन भावांच्या दोन जुळ्या गोष्टी होत्या आणि अस्वलांचं एक स्वप्न होतं. दुसऱ्या भावाची गोष्ट गेली, स्वप्नही गेलं. लेखात मी हे लिहायला हवं होतं.

पण वांग च्वानसुंग यांचा तो बाकाचा प्रवेश कुणा अधिकाऱ्याने लिहून दिलेला नाही. ज्योतिष्याच्या वेशातला ख्वांग चुंग अक्षर पाहून भविष्य सांगतो आहे, लौ आशू अरुंद बाकावर उकिडवा बसला आहे. ज्योतिषी खुनाच्या अगदी जवळ येतो आणि हा मागच्या मागे बाकावरून कोसळतो, नि त्याच बाकाखालून पुढे डोकं बाहेर काढतो. डोळे बिळातून बघणाऱ्या उंदराचे. त्याच वर्षी निघालेल्या चित्रपटात ते पाहता येतं. अंग इतकं हलकं की आवाज होत नाही, आणि त्या क्षणी खुन्याची भीती आपल्या पोटात उतरते. ती विदूषकाची तालीम आहे, सुचौच्या शाळेतली. अग्रलेख कितीही लिहिले तरी असं पडता येत नाही.

आणि आता तो मुद्दा जो मला मान्य आहे. तुम्ही लिहिलंत, ‘ज्या सरकारने डोक्यावर घेतलं त्यानेच दहा वर्षांनी पायदळी तुडवलं, ते एका वाक्यात उरकलंत.’ खरं आहे, उरकलं. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि हेच ‘पंधरा माळा’ विषारी तण ठरलं. त्यात काम करणाऱ्यांचा छळ झाला. मंडळं मोडली. शांघायच्या नाट्यशाळेच्या उपप्राचार्य येन ह्वेईचू यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आत्महत्या केली. 1960 च्या कुनछ्यू चित्रपटात मेई लानफांग या स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुष नटाच्या नायिकेबरोबर दासी झालेल्या त्या येन ह्वेईचू. त्या चित्रपटात मेई यांची साठी उलटलेली आहे, आणि बागेत पहिल्यांदा पाऊल टाकणारी सोळा वर्षांची मुलगी करताहेत. बालगंधर्वांच्या उतारवयातल्या आठवणी सांगणाऱ्या माझ्या आजोबांना हे दाखवायला हवं होतं असं फार वाटतं. पण त्या चित्रपटाचं कौतुक करून सहा वर्षांनंतरच्या त्या सप्टेंबरबद्दल गप्प बसायचं, हे मी केलं, आणि ते चुकलं. चौ च्वानयिंग यांचे सहाध्यायी चू च्वानमिंग, स्त्री-भूमिकांचे मोठे गुरू, 1974 मध्ये गेले, आपल्या शिष्यांना पुन्हा रंगमंचावर उभं राहिलेलं न पाहता. कलावंतांना वंदन करायचं तर हेही त्याच लेखात यायला हवं. मी दोन परिच्छेद जोडले आहेत आणि तुमच्यामुळे जोडले असं वर लिहिलं आहे.

म्हणूनच ‘बाहुलं’ हा शब्द मला पटत नाही. बाहुल्याच्या दोऱ्या तुटल्या की ते पडून राहतं. ही माणसं दोनदा वाऱ्यावर पडली, एकदा 1942 मध्ये आणि एकदा 1966 मध्ये, आणि दोन्ही वेळा ज्याच्या अंगात जे उरलं होतं ते घेऊन पुन्हा शिकवायला बसली. शन य्वेछ्वान यांच्याकडून चौ च्वानयिंग, त्यांच्याकडून वांग शियू, त्यांच्याकडून यू ज्यूलिन. हा यू ज्यूलिन 2004 मध्ये तैपेईत ‘मुतान थिंग’चा, म्हणजे 1598 सालच्या त्या 55 प्रवेशांच्या प्रेमकथेचा, नायक होता. लेखक पाय श्येनयुंग यांनी पुढाकार घेऊन ते तीन संध्याकाळी, नऊ तासांचं केलं. नायिकेला चांग जीछिंग या ज्येष्ठ नटीने घडवलं. तालमी सुरू होण्याआधी दोघा तरुणांनी गुरूंपुढे जमिनीला डोकं टेकवून रीतसर गंडा बांधल्यासारखं शिष्यत्व घेतलं. चार पिढ्या, एका हातातून दुसऱ्या हातात. ‘च्वान’ या अक्षराचा अर्थ आणखी काय सांगायचा?

युनेस्कोचा तुम्ही उपहासाने उल्लेख केलात. 18 मे 2001 ला मानवजातीच्या अमूर्त वारशाची जी पहिली 19 नावं जाहीर झाली त्यांत कुनछ्यू होती, आणि त्याच यादीत केरळचं कूडियाट्टम हे संस्कृत नाट्यही होतं. तिथेही मोजक्या घराण्यांनी मंदिराच्या कूत्तंबलमात, म्हणजे नाट्यमंडपात, ते टिकवून ठेवलं होतं. शिक्का नंतर आला, दोन्हीकडे. शिक्क्याला मी काही वाहिलेलं नाही.

राहिल्या विठाबाई. इथे मी वाद घालणार नाही. चीनबद्दल लिहिल्याने विठाबाईंचं काही कमी होत नाही असं मी म्हणू शकते, आणि ते खरंही आहे, पण त्यांच्यावर मी लिहिलेलं नाही हेही तितकंच खरं आहे. कारण सांगते. त्यांचं मला जे माहीत आहे ते सगळ्यांना माहीत आहे: पुरस्कार, गरिबी, आणि तमाशा चालू असताना झालेलं बाळंतपण. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि त्या काय गायच्या, कशा नाचायच्या, ते मागे पडतं. वांग च्वानसुंग कसे पडायचे ते मला सांगता येतं कारण कुणीतरी ते चित्रित करून ठेवलं. विठाबाईंचं पाऊल कसं पडायचं हे सांगणारं माझ्याजवळ काही नाही.

तुमच्याजवळ आहे. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की लहानपणी नारायणगावच्या जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून तुम्ही त्यांना पाहिलंत, आणि पुढे कॉलेजात असताना पुन्हा दोनदा. काका, ते लिहा. ढोलकीवाला कुठे बसायचा, त्या प्रवेश कुठल्या बाजूने करायच्या, गण झाल्यावर पहिली लावणी कुठली, आवाज कुठे चिरायचा, टोपी उडवणाऱ्याकडे बघून त्या काय करायच्या. तुम्हाला टाइप करणं जड जात असेल तर फोनवर सांगा, मी उतरवून घेईन आणि तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय छापणार नाही. इथेच, याच ब्लॉगवर, तुमच्या नावाने.