असईची सीफोर्थ, व्हँकूवरची सीफोर्थ: फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

गेले काही दिवस मराठी ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. वर जुना फोटो: पांढरे कपडे अंथरलेली लांब टेबलं आणि दोन्ही बाजूंना जेवायला बसलेले गोरे सैनिक. खालचा मजकूर थोडक्यात असा: 'असईला मराठ्यांवर चालून आलेली सीफोर्थ हायलँडर्स पलटण आज कॅनडात, व्हँकूवरला आहे. ती राखीव पलटण, म्हणजे शनिवार-रविवारचे हौशी सैनिक. खरी युद्धं खड्या सैन्यानं लढली. यांची लढाई इतकी लुटुपुटूची, की इटलीतल्या ओर्तोनात युद्ध चालू असताना नाताळची मेजवानी झोडत बसले. आता घागरे घालून पिपाण्या वाजवण्यापुरती उरली आहे. शेअर करा, मराठ्यांचा इतिहास जागा ठेवा.'

माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं, त्यामुळे असईचं नाव दिसलं की मला चार जण तरी पोस्ट पाठवतात आणि विचारतात, खरं का हे? नाही. आणि यातली काही विधानं नुसती चुकीची नाहीत, मेलेल्या माणसांवर अन्याय करणारी आहेत.

'असईला लढलेली पलटण आज कॅनडात आहे'

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ची. वेलस्ली या इंग्रज सेनापतीच्या फौजेत स्कॉटलंडच्या दोन हायलँडर पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. यातली ७८वी पुढे १८८१ साली ७२व्या पलटणीबरोबर एक झाली आणि त्यातून ब्रिटिश सैन्याची 'सीफोर्थ हायलँडर्स' रेजिमेंट तयार झाली. ती १९६१ साली दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली. म्हणजे असईच्या लढाईचा वारसा सांगणारी सीफोर्थ ती, स्कॉटलंडची.

व्हँकूवरची सीफोर्थ वेगळी. तिची स्थापना २४ नोव्हेंबर १९१०ची. त्या शहरात स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांनी खटपट करून ती उभी केली, आणि नाव व पोशाख मायदेशातल्या रेजिमेंटवरून घेतला. नाव एक म्हणून पलटण एक होत नाही. असईची लढाई झाली तेव्हा व्हँकूवर शहरच नव्हतं, ते १८८६ साली वसलं. असईचा हिशेब मागायचा तर तो यांच्याकडे मागता येणार नाही.

'राखीव म्हणजे हौशी. खरी युद्धं खड्या सैन्यानं लढली'

हे विधान सगळ्यात जास्त पसरलंय आणि सगळ्यात चुकीचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१९३९ साली कॅनडाच्या खड्या सैन्यात सगळे मिळून चार हजारांच्या आसपास लोक होते आणि पायदळाच्या रेजिमेंट फक्त तीन. बाकी सगळा डोलारा राखीव दलावर, तिथल्या शब्दांत 'मिलिशिया'वर. तीन रेजिमेंटच्या जोरावर कोणताही देश महायुद्ध लढू शकत नाही, त्यामुळे लढल्या त्या मुख्यतः राखीव पलटणीच. इटलीत उतरलेल्या कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पायदळाच्या नऊ बटालियन, म्हणजे पलटणी, होत्या. त्यातल्या तीन खड्या सैन्याच्या, सहा मिलिशियाच्या. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तर नऊच्या नऊ मिलिशियाच्या. १९ ऑगस्ट १९४२ला फ्रान्समधल्या दिएपच्या किनाऱ्यावर ज्या सहा बटालियन कापल्या गेल्या, त्याही सगळ्या मिलिशियाच्या. त्या एका हल्ल्यापायी कॅनडाची नऊशेच्या वर माणसं गेली.

पोस्टमध्ये एक कण खरा आहे, तो नाकारत नाही. शांततेच्या काळात मिलिशियाचं शिक्षण खरोखर तुटपुंजं होतं. वर्षाकाठी मोजके दिवस कवायत आणि जुनी हत्यारं. पण म्हणून ती माणसं तशीच लढायला गेली असं नाही. सीफोर्थ डिसेंबर १९३९मध्ये इंग्लंडला पोचली आणि जुलै १९४३मध्ये सिसिलीत पहिल्यांदा लढाईत उतरली. मधली साडेतीन वर्षं ती शिकत होती.

बर्ट हॉफमायस्टरचं उदाहरण घ्या. व्हँकूवरच्या एका लाकूड कंपनीत विक्रीचं काम करणारा माणूस, १९२७पासून सीफोर्थमध्ये मिलिशियाचा अधिकारी. युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमध्ये त्याला हीच गोष्ट खात होती, की मला पुरेसं येत नाही आणि उद्या माझ्या हाताखालच्या पोरांना मी लढाईत नेणार आहे. १९४१च्या सुरुवातीला त्या ताणानं त्याचे हातपाय बधिर झाले, दवाखान्यात ठेवावं लागलं. हौशी माणसाला असं होत नाही. ज्याला दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी कळते त्यालाच होतं. तो सावरला, शिकला, सिसिलीत सीफोर्थचा कमांडिंग ऑफिसर म्हणून लढला आणि ओर्तोनाच्या वेळी ब्रिगेडियर होता. त्याच्या ब्रिगेडमध्ये सीफोर्थ होती, एडमंटनची मिलिशिया पलटण होती, आणि प्रिन्सेस पॅट्रिशियाज ही खड्या सैन्याची पलटणसुद्धा होती. म्हणजे पोस्ट म्हणते त्याच्या नेमकं उलट: खडे सैनिक एका मिलिशियावाल्याच्या हुकमाखाली लढत होते. १९४४मध्ये तो मेजर जनरल होऊन अख्ख्या आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनचा प्रमुख झाला.

सेसिल मेरिट तर पेशानं वकील, तोही व्हँकूवरचा आणि सीफोर्थमध्येच घडलेला. दिएपला तो साउथ सस्कॅचेवान रेजिमेंटचं नेतृत्व करत होता. पूरव्हील गावच्या पुलावर गोळ्यांचा मारा चालू असताना तो स्वतः पुढे होऊन पुन्हा पुन्हा माणसं पलीकडे घेऊन गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला आणि उरलेलं युद्ध कैदेत गेलं. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत मारले गेले होते.

'ओर्तोनात मेजवानी झोडत बसले'

फोटो खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे.

ओर्तोना हे एड्रियाटिक किनाऱ्यावरचं जुनं गाव. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना भिंत लावून उभी. जर्मनांची पहिली पॅराशूट डिव्हिजन तिथे ठाण मांडून होती. घरं पाडून त्यांनी रस्ते दगडविटांच्या ढिगाऱ्यांनी बंद केले होते आणि प्रत्येक चौकावर मशीनगन रोखलेल्या होत्या. रस्त्यावर पाऊल टाकलं की मरण. मग सीफोर्थ आणि एडमंटनच्या लोकांनी रस्ता सोडला. एका घरात शिरायचं, वरच्या मजल्यावर जायचं, शेजारच्या घराच्या भिंतीला सुरुंग लावून भगदाड पाडायचं, धूळ खाली बसायच्या आत पलीकडे घुसायचं आणि तिथून एकेक खोली, एकेक जिना रिकामा करत खाली उतरायचं. पुढच्या घराला पुन्हा तेच. सैनिक या युक्तीला उंदराचं बीळ म्हणायचे. गाव हाती यायला २० ते २८ डिसेंबर १९४३ एवढे दिवस लागले. या लढाईत एडमंटनची ६३ आणि सीफोर्थची ४१ माणसं मेली, जखमी वेगळे.

आता तो फोटो. २५ डिसेंबरला सांता मारिया दि कोस्तान्तिनोपोली या चर्चमध्ये टेबलं मांडली गेली. क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे रसद सांभाळणाऱ्या, लोकांनी कुठून कुठून कापड, ताटल्या, भांडी गोळा केली होती. गरम सूप, भाजलेलं डुकराचं मांस, बटाटे, भाज्या, पुडिंग, प्रत्येकाला एक बिअरची बाटली. एक लेफ्टनंट चर्चचा ऑर्गन वाजवत होता. पण सगळी पलटण एकत्र बसली नव्हती. एक कंपनी लढाईतून मागे यायची, जेवायची, आणि दोनेक तासांनी परत त्याच घरांत जायची. तिच्या जागी दुसरी यायची. लढाई काही गल्ल्यांवर चालूच होती. त्या टेबलांवर बसलेल्यांपैकी काही जणांचं ते शेवटचं धड जेवण ठरलं. फोटो पुन्हा बघा. कितीतरी चेहऱ्यांवर कित्येक रात्रींची राहिलेली झोप दिसते, हसू फार थोड्यांच्या.

या पलटणीनं पुढे मे १९४४मध्ये हिटलर लाइन या जर्मनांच्या इटलीतल्या संरक्षक फळीवर जबर नुकसान सोसलं आणि ८ मे १९४५ला अॅम्स्टरडॅममध्ये प्रवेश केला. ऑक्टोबर १९४४मध्ये सावियो नदीच्या काठी अर्नेस्ट स्मिथ या तिच्या साध्या शिपायानं अगदी जवळून पँथर रणगाडा निकामी केला आणि जखमी सोबत्याला सोडून न जाता एकट्यानं जागा राखली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

'घागरे आणि पिपाण्या'

किल्ट हा घागरा नाही, हायलँडमधल्या पुरुषांचा तो पोशाख आहे. बॅगपाइप आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बँडमध्येही वाजतात; तिथे कुणी पिपाणी म्हणत नाही. व्हँकूवरच्या सीफोर्थ कॅडेटमधून पुढे गेलेला जेम्स रिचर्डसन पहिल्या महायुद्धात, ८ ऑक्टोबर १९१६ला, फ्रान्समध्ये जर्मनांच्या रेजिना ट्रेंच या खंदकासमोरच्या काटेरी तारांपाशी, गोळ्यांच्या वर्षावात, चालत चालत बॅगपाइप वाजवत राहिला. अडकलेली कंपनी त्या सुरावर पुन्हा उठली. तो नंतर मारला गेला.

आणि 'आता फक्त शोभेची' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: कॅप्टन ट्रेव्हर ग्रीन हा पेशानं पत्रकार आणि सीफोर्थचा राखीव अधिकारी. ४ मार्च २००६ला कंदाहार प्रांतातल्या शिंकाय गावात तो गावातल्या वडीलधाऱ्यांशी पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल बोलत बसला होता. त्यांचा मान राखायचा म्हणून त्यानं हेल्मेट काढून ठेवलं होतं. मागून आलेल्या एका पोरानं त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. तो वाचला, आणि पुढची कित्येक वर्षं हालचाली नव्यानं शिकत राहिला.

'शेअर करा, मराठ्यांचा इतिहास जागा ठेवा'

व्हँकूवरच्या सीफोर्थचा मराठ्यांशी खरा संबंध असईत नाही, इटलीत आहे. डिसेंबर १९४३मध्ये कॅनडाची पहिली डिव्हिजन ओर्तोनाकडे सरकत होती तेव्हा तिच्या डाव्या अंगाला ८वी भारतीय डिव्हिजन लढत होती, आणि त्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. तोच चिखल, तोच पाऊस आणि समोर तेच जर्मन सैन्य. फेब्रुवारी १९४५मध्ये कॅनडाची डिव्हिजन उत्तरेला निघाली तेव्हा सेनियो नदीवरचा तिचा मोर्चा याच ८व्या भारतीय डिव्हिजननं ताब्यात घेतला. त्याच नदीवर ९ एप्रिलला, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव, याच मराठा बटालियनमधला कंपनीचा रनर म्हणजे निरोप्या, दोन जखमींना पाठीवर घेऊन पाण्यातून आणि सुरुंगांमधून एकेक करून अलीकडे आणून पोचवून परत गेला, एकट्यानं मशीनगनची ठाणी मोडली आणि बांधावर उभा राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्यांना पलीकडे बोलावलं.