पोळी कुणाची, टाळी कुणाची

दोन महिन्यांपूर्वी एका छोट्या नृत्यसंस्थेसाठी परदेशी अनुदानाचा अर्ज भरत होते. माझं रोजचंच काम हे. कलाकारांना नाच जमतो, अर्ज जमत नाही, आणि त्या दोहोंमधल्या फटीत माझ्यासारख्यांचं पोट भरतं. रकाना क्रमांक अकरा: 'या प्रकल्पामुळे समाजात घडणारा, मोजता येईल असा बदल. कमाल 150 शब्द.' प्रकल्प काय, तर चाळीस मिनिटांचं नृत्य, दोन नर्तिका, एक खुर्ची. शेवटी दोघी उठून जातात आणि खुर्ची तेवढी उजेडात राहते. मी त्या संस्थेच्या मुलीला फोन लावला. "अगं, बदल काय लिहू?" ती जरा थांबली नि म्हणाली, "ताई, लोक घरी जाताना थोडे गप्प असतील. चालेल?"

चालणार नव्हतं. मी लिहिलं, 'सहा प्रयोगांतून 1,200 लाभार्थींमध्ये एकाकीपणाविषयी संवेदनशीलता निर्माण होईल.' पाठवायच्या आधी 'निर्माण होईल' खोडून 'वाढेल' केलं, कारण शून्यापासून सुरुवात आहे असं दिसायला नको. (बाराशे हा आकडा आसनसंख्येला सहाने गुणून काढलाय. रिकाम्या खुर्च्याही संवेदनशील होणार म्हणायच्या.)

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. जगभर सध्या कलेच्या पैशांवरून जी हमरीतुमरी चालली आहे, तिच्यात बहुतेकांचं भांडण पोळीच्या आकारावरून आहे. बर्लिनने 2025 च्या बजेटमधून संस्कृतीचे सुमारे 13 कोटी युरो कापले, लोक रस्त्यावर आले. यायलाच हवं होतं. पण या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझी नजर पोळीकडे कमी आणि ती वाढणाऱ्या हाताकडे जास्त जाते. तो हात किती लांब आहे, आणि वाढून झाल्यावर मागे जातो की ताटातच राहतो?

या हाताचं मूळ शोधायचं तर 1946 च्या ब्रिटनमध्ये जावं लागतं. युद्धानंतर तिथे आर्ट्स कौन्सिल उभं राहिलं, पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. कल्पना अगदी सरळ. पैसे सरकारचे, पण ते कुणाला द्यायचे हे मंत्र्याने ठरवायचं नाही, वेगळ्या मंडळाने ठरवायचं. पुढे याला 'आर्म्स लेंथ' म्हणू लागले. हातभर अंतर. केन्स स्वतः त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले, मंडळाला राजसनद मिळाली त्यानंतर. आता यातली गंमत बघा. केन्स त्याच सुमारास कोव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहाच्या विश्वस्त मंडळाचेही अध्यक्ष होते, आणि नव्या मंडळाच्या पैशांतला भलामोठा वाटा तिकडेच जाऊ लागला. म्हणजे मंत्र्यापासून हातभर, स्वतःच्या आवडीपासून जेमतेम बोटभर. हे दुसरं अंतर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

पहिलं अंतर कसं संपतं ते बघायचं तर दक्षिण कोरियाइतका धडधडीत नमुना नाही. कोरियन मालिका आणि गाण्यांच्या यशाची उदाहरणं देत हल्ली प्रत्येक देशाचा सांस्कृतिक मंत्री भाषण ठोकतो, पण ही गोष्ट भाषणात येत नाही. मदत करायची, ढवळाढवळ करायची नाही, हे तिथलं जाहीर धोरण राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्या काळापासूनचं. 2005 मध्ये तर अनुदान देणारी सरकारी संस्था मोडून कलाक्षेत्रातल्याच लोकांची समिती आणली. कागदावर सगळं आदर्श. मग 2014 मध्ये सेवोल नावाची फेरीबोट बुडाली, 304 माणसं गेली, बरीचशी शाळकरी मुलं. कलाकारांनी सरकारला जाब विचारणाऱ्या निवेदनांवर सह्या केल्या. बुसानच्या चित्रपट महोत्सवाने त्या दुर्घटनेवरचा माहितीपट दाखवला, आणि पुढच्या वर्षी महोत्सवाचं सरकारी अनुदान जवळजवळ निम्म्यावर आलं.

2016 मध्ये यादी बाहेर आली, सरकारी मदत कुणाला द्यायची नाही त्याची. 9,473 नावं. सेवोलच्या निवेदनांवर सह्या करणारे, निवडणुकीत विरोधी उमेदवाराला पाठिंबा देणारे. काळ्या यादीत टाकलेल्यांत बोंग जून-हो होते, ज्यांच्या चित्रपटाने 2020 मध्ये चार ऑस्कर नेली. याच प्रकरणात जानेवारी 2017 मध्ये सांस्कृतिक मंत्री चो युन-सन यांना पदावर असतानाच अटक झाली.

मला यात सगळ्यात झोंबतं ते वेगळंच. समित्या होत्या. ज्युरी होती, गुणांकन होतं, बैठकांची इतिवृत्तं होती. एकही पायरी गाळली नव्हती, फक्त कोणती नावं वर येऊ द्यायची नाहीत ते वरून कळवलं जात होतं. अर्जदाराला येणारं पत्र तेच, आम्हा सगळ्यांना पाठ असलेलं: 'स्पर्धा अत्यंत चुरशीची होती, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' असं पत्र आलं की आपलाच अर्ज कच्चा होता असं वाटतं. वर्षानुवर्षं स्वतःला कोसत बसलेल्या एखाद्या नाट्यदिग्दर्शकाला एके दिवशी पेपरमध्ये त्या यादीत आपलं नाव दिसतं, तेव्हा काय होत असेल?

ऑस्ट्रेलियात तर वरून यादी यायचीही गरज पडली नाही. 2026 च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात देशाचं प्रतिनिधित्व करायला कलाकार खालेद सबसाबी यांची निवड फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झाली. त्यांच्या जुन्या कलाकृतींवरून संसदेत प्रश्न आला, आणि निवड करणाऱ्या क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया या सरकारी कलासंस्थेच्या संचालक मंडळाने काही तासांत ती रद्द केली. घोषणेला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. आपण दबाव टाकला नाही असं मंत्री म्हणाले. जुलैमध्ये मंडळाने तीच निवड पुन्हा बहाल केली. हात ओढायला कुणी आलं नाही, मंडळानेच तो पुढे केला. मला हे कोरियापेक्षा जास्त ओळखीचं वाटतं, कारण घाबरलेल्या संचालक मंडळांच्या बैठकांना मीही बसले आहे. 'वाद नको' या दोन शब्दांवर अख्खा कार्यक्रम बदललेला पाहिलाय. कुणी सांगितलेलं नसतं. कुणी सांगेल, एवढंच वाटलेलं असतं.

स्लोव्हाकियाची सांस्कृतिक मंत्री निदान आडपडदा ठेवत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये लागोपाठ दोन दिवसांत राष्ट्रीय रंगभूमीचे आणि राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाचे प्रमुख घरी पाठवले, आणि कलानिधीच्या कायद्यात बदल करून मंडळावरची पकड घट्ट केली. अमेरिकेत मे 2025 मध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेकडून देशभरच्या संस्थांना मंजूर अनुदान रद्द झाल्याचे ई-मेल गेले. त्या संस्थेचं वर्षाचं बजेट सुमारे 20.7 कोटी डॉलर, त्या देशाच्या खर्चात ते शोधायला भिंग लागेल. तेव्हा बचत वगैरे कुणी सांगू नये. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या राष्ट्रीय कलाकेंद्राचे तर अध्यक्षमहोदय स्वतःच चेअरमन झाले. अंतर मोजायचा प्रश्नच मिटला.

"मग सरकारी पैसा नकोच, देणगीदार बरे," असं म्हणणारे कॉमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगते. लूव्र संग्रहालयाने 2019 मध्ये आपल्या दालनांवरचं सॅक्लर हे नाव काढलं. अमेरिकेतल्या ओपिऑइड गोळ्यांच्या संकटात ज्यांच्या कंपनीचं नाव आलं, ते हे कुटुंब. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2021 मध्ये तेच केलं. खासगी पोळीलाही टाळी लागते, फक्त ती संगमरवरात कोरलेली असते.

युनेस्कोच्या मोठ्या परिषदांविषयी फार बोलत नाही. मेक्सिकोत 2022 मध्ये 150 देशांनी संस्कृतीला 'जागतिक सार्वजनिक हित' म्हटलं, 2025 मध्ये बार्सिलोनात पुन्हा सगळे जमले. ठराव चांगलेच असतात.

आता आयर्लंड. ही मला गेल्या काही वर्षांतली खरोखर नवी गोष्ट वाटते. 2022 मध्ये तिथल्या सरकारने 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. प्रकल्प मागितला नाही, रकाना अकरा नाही. तुम्ही व्यावसायिक कलाकार आहात एवढं दाखवा, बास. अर्ज आले 9,000 च्या वर. त्यांतून पात्र ठरलेल्यांत निवड कशी केली असेल? चिठ्ठ्या टाकून! म्हणजे संगणकाने, नावं न बघता. शिवाय पैसे न मिळालेल्या 1,000 जणांचा तुलनागट ठेवला, म्हणजे फरक खरोखर पडतो का ते कळावं. सरकारच्या अहवालात हिशेब निघाला की घातलेल्या दर युरोमागे समाजाला 1.39 युरोचा फायदा झाला. तीन वर्षांची योजना आधी वाढवली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ती कायमची करायचं जाहीर केलं.

त्या 1.39 वर माझा फार भर नाही. तो आकडाही कुठल्यातरी मोठ्या रकाना अकरासाठीच काढलेला आहे, अर्थखात्याच्या. मला भावली ती चिठ्ठी. मंत्री चिठ्ठीला फोन करू शकत नाही. चिठ्ठीला सेवोलचं निवेदन आठवत नाही.

यावर एक ज्येष्ठ चित्रकार माझ्यावर चिडले. "म्हणजे गुणवत्तेला किंमतच नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण मी ज्युरीवर बसलेय. दोन दिवसांत नव्वद अर्ज. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही प्रत्येक अर्जावर वीस मिनिटं वाद घातला, दुसऱ्या दिवशी दुपारी चारच मिनिटं. अव्वल दहा कोण हे सगळ्यांना कळत होतं, तळाचे तीसही. मधले पन्नास? चौदावा आत आणि पंधरावा बाहेर का, याचं कारण आम्ही निर्णय झाल्यावर लिहिलं. एकीला चौदावा ओळखीचा वाटत होता, आणि कुणालाच आक्षेप नव्हता. हेच ते केन्सचं बोटभर अंतर. मधल्या पन्नासांसाठी तरी सरळ सोडत काढावी असं माझं मत आहे, आणि बाहेर राहिलेल्यांना तसं स्पष्ट कळवावं. 'तुमचं नाव निघालं नाही' हे 'स्पर्धा चुरशीची होती' पेक्षा कितीतरी प्रामाणिक पत्र आहे. आयर्लंडमध्येही पात्र असून हजारो बाहेर राहिले. दुःख तेवढंच, अपमान कमी.

फ्रान्सने 'पास कल्चर' योजनेत तिसरीच वाट धरली, पैसे कलाकाराला न देता प्रेक्षकाला. अठराव्या वर्षी प्रत्येकाला मोबाइलवर 300 युरो, हवी ती पुस्तकं घ्या, हवं ते नाटक बघा. पोरांनी जपानी मांगा कॉमिक्सवर अशी झुंबड उडवली की योजनेचं नावच 'पास मांगा' पडलं. मला ते ऐकून आनंद झाला, फ्रेंच लेखापरीक्षकांना नाही. 2025 पासून रक्कम 150 वर आली. जनतेला निवडू द्या म्हणणाऱ्यांना जनतेची निवड सहसा झेपत नाही.

ब्राझीलमध्ये गिल्बेर्तो जील हे नामांकित संगीतकार मंत्री असताना, 2004 पासून, वस्त्यावस्त्यांत आधीपासून काम करत असलेल्या गटांनाच शोधून पैसे देण्याची योजना आली. नवं काही उभारायचं नाही, आहे त्याला बळ द्यायचं. सुंदर कल्पना. 2019 मध्ये पुढच्या एका सरकारने सांस्कृतिक मंत्रालयच बरखास्त केलं, 2023 मध्ये ते परत आलं. मधली चार वर्षं या गटांनी कशी काढली असतील, त्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नसतो.

असो. त्या नृत्यसंस्थेच्या अर्जाचं उत्तर परवा आलं. पहिल्या फेरीत निवड झाली! एक अट आहे. वाढलेली संवेदनशीलता मोजण्यासाठी प्रयोग संपल्याबरोबर, प्रेक्षक उठण्याआधी, जागेवरच दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी. मी तो ई-मेल तसाच त्या मुलीला पाठवला. रात्री तिचा मेसेज आला: "ताई, प्रश्न वाचायला उजेड लागेल ना? मग खुर्चीवरचा दिवा नक्की कधी विझवू?"