काळाने गाळल्या नाहीत, कुणी वाजवल्याच नाहीत

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक मत सर्रास फिरतं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांचा जीव ऑपेऱ्यात होता, सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, जर्मनांची. बर्लिओझ वगळला तर सेझार फ्रांकच्या 1888च्या सिंफनीपर्यंत तिथे शुकशुकाट. जे विसरले गेले ते काळाच्या चाळणीतून गळले. आता त्यांना उकरून काढणं ही निव्वळ फॅशन.

शुकशुकाट? मेयूल या फ्रेंच संगीतकाराच्या चार सिंफन्या 1808 ते 1810च्या, बेथोव्हनची पाचवी नवीकोरी होती तेव्हाच्या. ऑन्स्लोच्या चार, लुईझ फारांकच्या तीन, गूनोच्या दोन. गूवी तर वर्षानुवर्षं लिहीतच राहिला.

ऑपेऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. नाव आणि पैसा तिथेच होता. ‘प्री द रोम’ हे सरकारी पारितोषिकसुद्धा मिळायचं ते कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहून. पण पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीचा, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाचा, नामांकित वाद्यवृंद 1828 पासून बेथोव्हनच्या इतका भजनी लागला होता, की हयात फ्रेंच संगीतकाराची तिथे क्वचितच वर्णी लागे.

आता ती चाळणी. बिझेने 1855 साली, सतराव्या वर्षी, सी मेजरमधली सिंफनी लिहिली. ती त्याच्या हयातीत वाजलीच नाही. हस्तलिखित संगीतकार रेनाल्दो आनकडून कॉन्झर्वेटरीच्या ग्रंथालयात आलं आणि 1935 साली वाद्यवृंद-संचालक वाइनगार्टनरने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ती पहिल्यांदा सादर केली. आज ती जगभर वाजते. मधल्या ऐंशी वर्षांत काळाने नेमकं काय चाळलं? फारांकच्या तिन्ही सिंफन्या तर तिच्या हयातीत छापल्याही गेल्या नाहीत, आणि नवरा प्रकाशक! छापील प्रती नाहीत म्हणजे दुसऱ्या गावचा वाद्यवृंद वाजवणार तरी कशावरून?

राहता राहिली फॅशन. ‘बाई म्हणून फारांकचं कौतुक’ असा टोमणा असतो. बिझे, मेयूल, गूवी कोण होते मग? शिवाय तिची तिसरी सिंफनी त्याच बेथोव्हनभक्त वाद्यवृंदाने 1849 मध्ये वाजवली होती. सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाही. गूवी ऐकताना मला जर्मन संगीतकार मेंडेल्सनची सावली फार जाणवते. पण फारांकची ही तिसरी ऐका: ट्रंपेट नाही, ट्राँबोन नाही, सुरुवातीला एकटा ओबो (लाकडी फुंकवाद्य), आणि तरी शेवटच्या भागात वादळ उठतं.