संस्था बुडाली, हप्ता नाही

आज इथे गोव्यात, डिचोलीत बँकेत जाऊन आमच्या बुडालेल्या पतसंस्थेच्या लिक्विडेटरच्या (संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) खात्यात घराच्या कर्जाचा हप्ता भरून आले. आता मोजून चार राहिलेत. स्लिपवर कर्ज खात्याचा नंबर घातला. शिक्का पुसट उमटला होता, तो कॅशियरकडून परत मारून घेतला. मागे रांगेत उभा असलेला ओळखीचा एकजण म्हणाला, "संस्था बुडली न्ही गो, तूं आजून हप्तो कित्याक भरता?"

२०१९ पासून हाच प्रश्न ऐकतेय. शाळेत, बुधवारच्या बाजारात, एकदा तर चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधतानासुद्धा. म्हणून एकदाच लिहून टाकते.

२०११ साली आम्ही फ्लॅट घेतला. नवऱ्याचा खाणीवर ट्रक होता, पण मोठ्या बँकेला तेवढ्या कागदांवर भरवसा वाटला नाही. तालुक्यातल्या एका पतसंस्थेने मात्र चहा पाजून ९ लाख दिले. १२ टक्के व्याज, १५ वर्षं, हप्ता १०,८०१ रुपये. पुढच्याच वर्षी खाणी बंद पडल्या. मधे थोड्या सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. दारोदारी ट्रक उभे राहिले, आमचाही राहिला. तो विकला आणि माझ्या पगारातून हप्ता चालू ठेवला. सगळ्यांना ते जमलं नाही. ट्रकांची कर्जं थकत गेली आणि संस्था आतून पोकळ झाली. सगळा दोष खाणींवर टाकू नका हं. संचालकांच्या जावयांना दिलेली कर्जं काही खाणींमुळे थकली नव्हती.

२०१९च्या चवथीच्या तोंडावर शटर खाली आलं. बाहेर ठेवीदारांची गर्दी, आणि त्यात मी पासबुक घेऊन हप्ता भरायला आलेली! लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. घरी येऊन हिशोब केला, तर आठ वर्षं हप्ते भरूनही मुद्दल ६ लाख ११ हजार शिल्लक. (सुरुवातीची वर्षं नुसतं व्याजच जातं, हे कर्ज देताना कोणी ठळक अक्षरांत सांगत नाही.)

सल्ले मात्र फुकट मिळाले. "तीन वर्षं गप्प बस, कर्ज आपोआप बाद होतं," असं सांगणारे निदान दहाजण भेटले. घर गहाण ठेवून घेतलेल्या पैशाच्या वसुलीला कायद्यात १२ वर्षांची मुदत आहे. आणि मुळात, माझ्यासाठी जे कर्ज, ते संस्थेच्या वहीत येणं. संस्था बुडाल्यावर तिच्याकडे किमतीचं असं उरतं ते हे येणंच. लिक्विडेटर येतो तो तेच वसूल करून ठेवीदारांना वाटायला. तोवर थकलेल्या हप्त्यांवर व्याज चढत राहतं ते वेगळंच.

पण भरायचं कुठे? इथे माझा खरा राग आहे. संस्था बंद झाली की ठेवीदारांच्या बातम्या येतात, मोर्चे निघतात, पुढारी भेटून जातात. कर्जदाराला एका ओळीचं पत्र कोणी पाठवत नाही की पुढचा हप्ता अमुक खात्यात भरा. पाच महिने मी १०,८०१ रुपये वेगळ्या खात्यात टाकत राहिले आणि दर महिन्याला संस्थेला रजिस्टर एडीने पत्र धाडलं, की पैसे तयार आहेत, कुठे भरू कळवा. पत्रं परत यायची. ती न फोडता तशीच ठेवली. पुढे सहकार निबंधकांनी नेमलेले लिक्विडेटर आले आणि पहिली नोटीस मला मिळाली ती पाच महिन्यांच्या दंडव्याजाची! ती पाच पाकिटं टेबलावर ठेवली तेव्हा कुठे दंड गेला.

डीएचएफएलसारखी घरकर्ज देणारी मोठी कंपनी कोसळली, तिची कर्जं २०२१ मध्ये पिरामल कंपनीकडे गेली आणि कर्जदार तिकडे हप्ते भरू लागले. सहकारी बँक बुडाली तर निदान ठेवीदाराला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत. मडगाव अर्बन सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला तेव्हा बहुतेक ठेवीदारांना त्याचा आधार होता. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्या, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही पतसंस्थेला लागू नाही. माझं सेल डीड, म्हणजे फ्लॅटचं खरेदीखत, संस्थेच्या कपाटात. लिक्विडेटरने ताबा घेतला तेव्हा मी लेखी अर्ज दिला, की यादीत माझं सेल डीड आहे का ते कळवा. सात महिन्यांनी उत्तर आलं, आहे. त्या रात्री नीट झोप लागली. ज्यांची संस्था डळमळतेय त्यांनी हा अर्ज आधी करा, बाकीचं नंतर.

अजून एक गोष्ट, जरा लाजतच लिहिते. आमची ४० हजारांची ठेवही तिथेच होती. ती कर्जात वळती करा असा अर्ज दिला होता, वर्षभराने वळती झाली. म्हणजे मला माझी ठेव पूर्ण मिळाली, का, तर मी कर्जदार होते म्हणून. आमच्या बाजारातली मासळीवाली मावशी कधी कोणाचं देणं लागली नाही. त्याच संस्थेत रोज ५० रुपये पिग्मी (रोजची छोटी बचत), चार वर्षं. ७० हजारांच्या वर जमले होते. तिला आतापर्यंत रुपयामागे ३० पैसे मिळालेत.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे गेले की सुरमईचा भाव सांगायच्या आधी ती विचारते, "हप्तो भरलो गो?" आज म्हटलं, भरला, आता चारच राहिले, मग गहाण सोडवायला सब-रजिस्ट्रारकडे जायचं, लिक्विडेटरची सही घ्यायची.

तिने बांगडे मोजता मोजता हात थांबवला. "म्हणजे तुजे चार हप्ते सोंपले की म्हजे पयशे येवपाचे बंद?"

मला काही उत्तर सुचलं नाही. बांगडे घेतले आणि घरी आले.