पाराची पावती

वर्गणी मागायचं शिक्षण मला वयाच्या अकराव्या वर्षी सदाशिव पेठेत मिळालं. पावतीपुस्तक घेऊन दिसेल त्या दारात जायचं नसतं. आधी वाड्यातला सगळ्यात भिडस्त माणूस गाठायचा आणि पहिली पावती त्याच्या नावानं एकशे एकची फाडायची. मग पुढच्या दारात पुस्तक असं उघडायचं की ती स्थळप्रत समोरच्याला दिसलीच पाहिजे. माणूस अकरा म्हणायला तोंड उघडतो आणि एकावन्न म्हणून मिटतो. पुण्यात सार्वजनिक गणपती 1892 साली सुरू झाला की 1893 साली, यावर भांडायला मंडळी समर्थ आहेत. पावतीपुस्तक मात्र त्याच वर्षी निघालं असणार, याबद्दल मला शंका नाही.

एवढी तयारी असलेला माणूस सिॲटलजवळच्या एका गावात सात वर्षं राहिला आणि त्याच्या दारात एकही पोरगं पावतीपुस्तक घेऊन आलं नाही. आलं ते गेल्या उन्हाळ्यात नगरपालिकेचं पत्रक. मजकूर साधारण असा: शेजाऱ्यांनो, एकत्र या, मिळून काहीतरी उभं करा, आम्ही दीड हजार डॉलरपर्यंत मदत देऊ. मी ते तीनदा वाचलं. सरकार घरी येऊन वर्गणी देतंय! आपल्याकडे असं पत्रक आलं असतं तर आधी शिक्का खोटा आहे का ते पाहिलं असतं.

त्या सुमारास आई सहा महिन्यांसाठी आली होती. पहिले पंधरा दिवस ती खिडकीशी बसून होती. मग म्हणाली, "अरे, तुमच्याकडे माणसं कुठे ठेवतात?"

आमची गल्ली पुढे बंद आहे. टोकाला गाड्या वळवायला गोल, गोलात गवताचं बेट आणि बेटावर एक थोरला मेपल. आईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "एवढं झाड, आणि पार नाही?"

झालं. प्रकल्प ठरला.

अर्जातला पहिलाच प्रश्न मला आडवा आला. तीन वेगवेगळ्या घरांतल्या शेजाऱ्यांची नावं लिहा. सात वर्षांत मला गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ झाली होती, माणसांची नाही. समोरचे बिस्किटचे बाबा, तिसऱ्या घरातली लूनाची आई. हे अर्जात कसं लिहिणार? शेवटी मी आणि आई दारोदार निघालो. सवयीनं माझा हात रिकामं पावतीपुस्तक शोधत होता. बिस्किटच्या बाबांनी नाव सांगितलं आणि मला विचारलं, "तुमचं?" सात वर्षं ते मला मनात काय म्हणत होते, हे विचारायचं धाडस झालं नाही. आमच्याकडे तर कुत्राही नाही.

दुसरा प्रश्न गटाच्या नावाचा. इथे मी अडखळणार नव्हतो. 'अखिल बंद गल्ली मित्र मंडळ' हे नाव जिभेवर आलं होतं, पण इंग्रजीत 'अखिल'चं काय करायचं ते सुचेना.

मग नगरपालिकेत माहितीसत्र झालं. तिथल्या तरुण बाईंनी फार आपुलकीनं सांगितलं की ही कल्पना सिॲटल शहराची. तिथे 1988 साली 'नेबरहूड मॅचिंग फंड' निघाला. शहरानं एक डॉलर द्यायचा, तर शेजाऱ्यांनी तेवढ्याच मोलाचं काहीतरी घालायचं: पैसा, सामान किंवा अंगमेहनत. 1991 साली या योजनेला देशपातळीवरचा मोठा पुरस्कारही मिळाला. आणि तिच्याच मदतीनं ऑरोरा पुलाखाली 1990 साली तो प्रसिद्ध राक्षस बसला.

तो राक्षस मी आईला दाखवून आणला होता. फ्रीमाँट भागात पुलाखालच्या अंधारात अठरा फुटी काँक्रीटचा धटिंगण बसलाय. एकच डोळा चकाकतो आणि पंजाखाली खरीखुरी फोक्सवॅगन बीटल चिरडलेली. आईचं माहेर गोव्यातल्या फोंड्याचं. तिनं चपला काढायच्या की नाही याचा क्षणभर विचार केला आणि विचारलं, "हा कोण?"

"शेजाऱ्यांनी मिळून केलेला राक्षस."

"म्हणजे नरकासुरच की! आमच्याकडेही वाड्यावाड्यातली पोरं वर्गणी काढून करतात. पण दिवाळीच्या पहाटे जाळतात. यांनी ठेवलाय कशाला?"

तर, अंगमेहनत. हे म्हणजे आपलं श्रमदान, असं मला वाटलं होतं. पण आपल्या श्रमदानाला दर नसतो. गाडगेबाबा गावात शिरले की झाडू हातात घ्यायचे. किती तास झाडलं याच्या तक्त्यावर त्यांनी सही केल्याचं कुणी सांगत नाही. इथे मात्र इंडिपेंडंट सेक्टर नावाची संस्था दरवर्षी स्वयंसेवकाच्या एका तासाचा भाव जाहीर करते. 2023 सालचा भाव होता 33 डॉलर 49 सेंट. सोन्याचा निघतो तसा निःस्वार्थ सेवेचाही भाव निघतो, आणि तोही 50 सेंट न करता 49! आमच्या गावानं हाच भाव धरला होता. दीड हजार भागिले 33.49, म्हणजे आम्हाला पंचेचाळीस तास राबणं भाग होतं.

"तासाला तेहतीस डॉलर?" आईनं रुपयांत गुणाकार केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून एक वही मागून घेतली.

पार म्हणजे काय हे अर्जात समजावणं हा वेगळा अध्याय. मी लिहिलं: झाडाभोवती गोल बाक, ज्यावर लोक काही कारण नसताना बसतात. बाईंनी 'काही कारण नसताना'खाली रेघ मारून परत पाठवलं. उद्दिष्ट हवं आणि ते मोजता यायला हवं. मी सुधारून लिहिलं: 'परस्परांशी ओळख नसलेल्या किमान वीस शेजाऱ्यांमध्ये संवाद.' मंजूर. पारावर बसून चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलणाऱ्या आमच्या वाड्यातल्या आजोबांना आपण मोजता येणारं उद्दिष्ट गाठतोय याची कल्पना नव्हती.

आराखड्याला बोईंगमधून निवृत्त झालेले एक शेजारी मिळाले. मी म्हटलं, साधा बाक हवा. त्यांनी अकरा पानी नकाशा आणला. मापं इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. या बाकाला पंख लावले असते तर तो उडाला असता. मग झाडांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, मुळांना धक्का लागेल, खणायचं नाही. नकाशा चौदा पानी झाला. बाक आता जमिनीत न रोवता काँक्रीटच्या तयार ठोकळ्यांवर बसणार होता. या चौदा पानांचे तास मी विचारले तर काका म्हणाले, "ते मी टीव्ही बघताना केलं, ते कसं धरणार?" प्रामाणिक माणसांमुळे सार्वजनिक कामं फार अडतात.

हरकतही एक आली. कोपऱ्यातल्या घरातल्या गृहस्थांनी लेखी कळवलं की बाक केला तर त्यावर लोक येऊन बसतील. आम्ही यावर बराच विचार केला. भीती खरी होती.

कामाचा दिवस ऑक्टोबरातला शनिवार. सिॲटलकडचा ऑक्टोबर असल्यानं पाऊस धरलेला होताच. तो कोसळत नाही, नुसता अंगावर बसून राहतो. अकरा माणसं आली. सहीचा तक्ता ओला होऊ नये म्हणून मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवत होतो. पुण्यात मांडव घालताना एक माणूस काम करतो आणि सहा जण सूचना करतात. इथे अकराही जण काम करत होते, त्यामुळे थोडं सुनंसुनं वाटलं. तेवढ्यात आई पातेलं घेऊन आली. पहाटे पाचला उठून केलेले बटाटेवडे, कोरडी लसणीची चटणी, आणि वाफ. हातोड्या खाली आल्या. बिस्किटच्या बाबांनी चौथा वडा उचलून पहिली सूचना केली, "ती फळी जरा डावीकडे हवी होती." मग सगळेच बोलायला लागले. म्हटलं, आता जमलं.

बाक झाला. हिशेबाला बसलो. अकरा माणसं गुणिले तीन तास, तेहतीस. बैठकांचे आठ. एकूण एक्केचाळीस. चार कमी! आणि चार तास कमी म्हणजे खिशातून गेलेले पैसे अडकणार. कारण ही मदत आधी मिळत नाही. आधी आपण खर्च करायचा, पावत्या लावायच्या, मग ते देणार. लाकडाची एक पावती माझ्या जीनच्या खिशात धुवून निघाली होती. ती मी हेअर ड्रायरनं वाळवून, चोळामोळा सोडवून, देवाच्या फोटोसारखी कागदावर चिकटवली.

चार तासांचं काय? आईनं वही पुढे केली. पहिल्या पानावर: 'वडे. पहाटे 5 ते 9.' खाली: 'लूनाच्या आईशी बोलले, अर्धा तास. तिला इंग्रजी येते, मला येत नाही.' त्याखाली: 'कोपऱ्यावरचा माणूस. हसला नाही. दहा मिनिटे.'

नगरपालिकेतल्या बाईंना फोन केला. वडे प्रकल्पासाठीच केले होते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडे नसते तर प्रकल्प झाला नसता. चार तास धरले गेले. आईला सही करायला सांगितलं तर ती बिथरली. "घरी आलेल्यांना खायला घातलं त्याची मजुरी लावू?" पाऊण तास समजूत काढली (तो पाऊण तास कुठे धरता आला नाही). शेवटी तिनं देवनागरीत ठसठशीत सही केली आणि शेजारी कंसात 'मजुरी घेतली नाही' असं लिहिलं. ते बाईंना कुणीही वाचून दाखवलेलं नाही.

दीड महिन्यानं चेक आला. खर्च झाला होता पंधराशेचा, चेक 1,487 डॉलर 12 सेंटचा. बारा डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट कापलेले. ती पावती इंडियन दुकानातली, बटाटे आणि बेसनाची. खाद्यपदार्थांचा खर्च नियमात बसत नाही. म्हणजे वडे तळण्याचे चार तास चालले, वड्यातले बटाटे चालले नाहीत!

रक्कम काही मोठी नव्हती. मी गप्प बसायला हवं होतं. पण अकराव्या वर्षीचं शिक्षण असं जात नाही. मी स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं. आधी बोईंगवाल्या काकांना गाठलं आणि पहिली पावती पाच डॉलरची फाडली. मग स्थळप्रत वर ठेवून गल्ली पालथी घातली. बिस्किटचे बाबा दोन म्हणता म्हणता चार म्हणाले आणि यावर करसवलत आहे का असं विचारलं. कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी पावतीवरचा अनुक्रमांक तपासला, पाच डॉलर दिले आणि म्हणाले, "पावसात त्या बाकावर पाणी साचतं. मी बसलो होतो."

एकूण तेवीस डॉलर जमले. बारा अठ्ठ्याऐंशी वजा जाता दहा डॉलर बारा सेंट शिल्लक. पुण्यात शिल्लक राहिली की कार्यकर्त्यांची मिसळ होते, प्रश्न नसतो. इथे कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी विनियोगाबद्दल लेखी विचारणा केली आहे. म्हणून येत्या शनिवारी साडेचार वाजता पारावर बैठक.

"साडेचार ते किती धरू?" आईनं वही उघडत विचारलं.