रेवदंड्याचा इतिहास गावातच राहावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नावाऐवजी ‘आगरकोटातला (म्हणजे रेवदंड्याच्या किल्ल्यातला) जुना माणूस’ अशी सही केलीत, म्हणून काका म्हणतोय. माडा-पोफळीच्या वाड्यांमधल्या कोरीव दगडांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या की शनिवार-रविवारची गर्दी वाड्यांत घुसते आणि चोरांना आयता पत्ता मिळतो, गावाचा इतिहास गावातच राहावा, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणू नये. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की घरात मोडीतले जुने कागद आहेत, पण ते तुम्ही कोणाला दाखवत नाही. तुमचा राग गावाच्या काळजीतून आलेला आहे हे कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चौल-रेवदंड्याचा इतिहास गावात कधी राहिलाच नाही, काका. अरब प्रवासी अल-मसुदी दहाव्या शतकात इथे येऊन गेला. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच स्थायिक झालेले मुसलमान त्याने सैमूरमध्ये, म्हणजे आपल्या चौलमध्ये, पाहिले, आणि तेव्हाच्या शिलाहार राजाचं, झंझाचं नावही लिहून ठेवलं. 1508 साली इथल्या समुद्रात झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. ती हकिगत पोर्तुगीजांनी तपशिलात लिहिली. 1635 च्या सुमारास आंतोनियु बोकारोने पोर्तुगीज किल्ल्यांवर ग्रंथ तयार केला, त्यात चौलचं चित्र आहे, आणि ते हस्तलिखित आज पोर्तुगालमध्ये एव्होराच्या ग्रंथालयात आहे. जर्सन द कुन्हांनी 1876 मध्ये चौल आणि वसईच्या अवशेषांवर पुस्तक काढलं. 1883 मध्ये कुलाबा जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या रायगडचं, गॅझेटियर आलं. यातलं बरंचसं आज घरबसल्या कोणालाही वाचता येतं.

पण या सगळ्यांनी काय पाहिलं? तट, तोफा, चर्च, वेढे. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी ठाणं सोडलं आणि मराठ्यांचा अंमल आला, तिथे त्यांची गोष्ट जवळजवळ संपते. पुढे तटाच्या आत माडा-पोफळीच्या वाड्या कशा उभ्या राहिल्या, मोडक्या चर्चचे दगड कोणाच्या जोत्यात गेले, कुठली विहीर कोणत्या घराण्याकडे होती, रहाट कधी बंद पडले आणि पंप कधी आले, हे कोणी लिहिलं? हा भाग फक्त गावाला माहीत आहे, आणि तोच कागदावर आलेला नाही. मी लिहितो तो या भागाबद्दल.

आता चोरीचं. ज्या दगडावरून तुम्ही चिडलात तो विहिरीच्या काठाशी पालथा होता, कित्येक वर्षं त्यावर धुणी धुतली जात. वाडीच्या मालकांनी आणि मी मिळून तो उलटला तेव्हा खालच्या अंगाला अक्षरं निघाली. भर दुपारी काहीच लागेना. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च दगडाला अगदी चिकटवून, आडवा धरला, तेव्हा अक्षरांच्या सावल्या उठल्या: रोमन लिपी, कडेला वेलबुट्टी, खाली ढालीसारखं चिन्ह. थडग्यावरची शिळा. (वाचकांना विनंती: असा दगड दिसला तर त्यात खडू किंवा चुना भरू नका. फोटो छान येतो, पण अक्षराची कड झिजते आणि पुढच्या माणसाला आपण भरलेलंच वाचावं लागतं.) त्या घरात मोरी नव्याने बांधायची होती आणि तो दगड फोडून भरावाला टाकायचं ठरलं होतं. तो चोराने नेला नसता. घरच्याच माणसांनी, काहीही वाईट मनात नसताना, संपवला असता. आज तो ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि घरातली मुलं आल्यागेल्याला दाखवतात.

आपल्याकडे वारसा जातो तो बहुतेक असाच. चोर येतात, नाही असं नाही, पण चोराआधी गवंडी येतो, जेसीबी येतो, चुन्याचा हात येतो. त्यांच्यापासून वाचवायचं तर शेजारपाजाऱ्यांना ती वस्तू काय आहे हे कळलेलं असावं लागतं.

अक्षीचा शिलालेख घ्या, आपल्यापासून काही किलोमीटरवरचा. वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला गाढवावरून दिलेली ती शापवाणी. लोक त्या दगडाला बिचकूनच असायचे. कित्येक वर्षं तो रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडून होता. त्यावरचा शक 934, म्हणजे इ.स. 1012, वाचला गेला, तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे हे लोकांपर्यंत पोचलं, दर मराठी भाषा दिनाला पेपरात त्याच्या हालांविषयी छापून येऊ लागलं. मग कुठे त्याच्या जतनाचा विषय हलला. तो गावापुरता ठेवला असता तर कोणाला त्याची फिकीर असती?

तरीही सगळं सांगावं असं मी म्हणत नाही. जागेवर घट्ट बसलेली वस्तू, म्हणजे तट, दरवाजे, सातखणी मनोरा, कोर्लईचा डोंगर, याचा पत्ता मी मोकळेपणाने देतो. हातात उचलून नेता येईल अशा वस्तूचा देत नाही. फोटो टाकण्याआधी मोबाइलने त्यात आपोआप नोंदवलेले अक्षांश-रेखांश काढून टाकतो. वाडीचं नाव, मालकाचं नाव लिहीत नाही. तुम्ही लेख पुन्हा पाहिलात तर तो दगड कोणत्या पाखाडीतला हे त्यातून सापडणार नाही. आणि मालकाला कायदाही सांगतो: शंभर वर्षांवरचं शिल्प किंवा नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर विकता येत नाही, विहीर खणताना जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे लोक घाबरून वस्तू रातोरात खाडीत टाकतात, असंही मी ऐकलंय.

गर्दीबद्दलची तुमची तक्रार मात्र खरी आहे. 2020 मध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली तेव्हापासून गाड्या किती वाढल्या हे आपण रोज बघतो. ते लोक समुद्रासाठी येतात, थडग्याच्या शिळेवरचा लेख वाचून कोणी येत नाही. येणाऱ्यांपैकी चार जणांना तरी कळावं की आपण ज्या गावात फोटो काढतोय त्याने 1570-71 मध्ये निजामशाहीचा वेढा झेललाय, एवढीच माझी इच्छा आहे.

ऐकीव गोष्टींबद्दल आपलं जमणार नाही असं वाटतं. चौलला चंपावती म्हणत, रेवतीक्षेत्र म्हणत, ही परंपरा मी परंपरा म्हणूनच लिहितो. तिला सनावळी चिकटवत नाही. पण एखाद्या आजीने सांगितलं की तिच्या लहानपणी अमुक घरात शनिवारी तेलाचा घाणा बंद असायचा, तर ती बेने इस्रायल, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या कोकणातल्या ज्यू शेजाऱ्यांची साक्ष आहे. त्यांचं सिनेगॉग आजही गावात उभं आहे, माणसं मात्र बहुतेक इस्रायलला गेली. चेऊलकर, नवगावकर आडनावांची त्यांची नातवंडं तिकडून येतात आणि घर कुठे होतं विचारतात. त्यांना गॅझेटियर काय सांगणार? आणि खाडीपलीकडे कोर्लईला तर अख्खी भाषाच तोंडी आहे. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, तरी पोर्तुगीजमधून आलेली, मराठीत मिसळलेली ती नौलिंग भाषा हजारभर माणसं अजून घरात बोलतात. ती लिहिलेली नाही म्हणून इतिहास नाही असं कसं म्हणायचं? मी एवढंच पाळतो की कोणी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि मी ते केव्हा टिपलं, हे आवाजाच्या मूळ नोंदीसकट ठेवायचं. दोन घरांतल्या गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या, तोडमोड करून एक करायची नाही.

राहिले तुमचे कागद. ते न दाखवण्याचं कारण चोर नसावं असं मला वाटतं. वाडीच्या हद्दी, वाटण्या, गहाणखतं. भाऊबंदकीतलं जुनं काही वर निघेल, ही धास्ती बहुतेक घरांत असते आणि ती रास्त आहे. म्हणून सुचवतो: कागद तुमच्याच घरी, तुमच्याच समोर उलगडायचे, फोटो काढायचे, आणि फोटोंची प्रत तुमच्याकडेच ठेवायची. काय छापायचं ते तुम्ही ठरवा. अगदी काहीच छापायचं नाही म्हणालात तरी चालेल. निदान वाचून तर होतील. तोवर एक करा, त्यांचं लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात सैल गुंडाळून, लोखंडी पेटीऐवजी लाकडी कपाटात, भिंतीपासून लांब ठेवा.

पावसाळ्यात ते बाहेर काढू नयेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कधीही बोलवा, मोडी वाचणारं माणूस मी सोबत घेऊन येतो.